गंगेचे पाणी आणि गंगेचा गाळ



आपले गाव गोदावरीच्या काठी आहे. आपल्याकडे तिला गोदावरी फारसे कुणी म्हणत नाही. सगळे गंगाच म्हणतात आणि आपल्या भागाला गंगथडी म्हणतात. गंगा आली म्हणजे पूर आला, गंगा उतरली म्हणजे पूर ओसरला, हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत. पण गंगेतून काय वाहते असे कुणी विचारले तर आपण पटकन सांगतो, "पाणी." हे उत्तर निम्मेच आहे. गंगेतून पाणी वाहते आणि पाण्याबरोबर मातीही वाहते. या वाहत्या मातीला आणि वाळूला गाळ म्हणतात.

पाणी कमीजास्त होते तसा गाळही कमीजास्त होतो. मात्र दोघांचा हिशेब वेगळा आहे. पाणी दुप्पट झाले म्हणून गाळ दुप्पटच होईल असे नाही. तो कितीतरी पट वाढू शकतो. आणि कधी कधी पाणी तेवढेच असते, पण गाळ निम्माही नसतो. असे का होते, आणि त्याचा आपल्या शेताशी व जिवाशी काय संबंध आहे, ते मी या लेखात सांगणार आहे.

मला हा विषय का सुचला तेही सांगतो. आमची नदीकाठी तीन एकर मळई आहे. पूर ओसरला की वडील तिथे काकडी, टरबूज, वांगी लावतात. आमच्या घराचा बराचसा खर्च या मळईवर चालतो. एखाद्या वर्षी पूर तिथे मऊ पोयटा टाकून जातो आणि खताशिवाय पीक येते. एखाद्या वर्षी नुसती भरड वाळू पडते. २००६ साली ऑगस्टात मोठा पूर आला, तेव्हा मळईवर गुडघाभर वाळू चढली होती आणि पुढे दोन वर्षे काहीच पिकले नाही, असे वडील सांगतात. आजी म्हणते, "गंगा देती बी अन् नेती बी. पर काय देईल अन् काय नेईल, ते तिलाच ठाव." मला वाटले, ते थोडेफार आपल्यालाही ठाऊक व्हायला हवे. म्हणून मी गुरुजींना विचारत गेलो, पुस्तके वाचली आणि वर्षभर नदीकडे लक्ष ठेवले.

पाणी कसे मोजतात?

नदीतून किती पाणी चालले आहे हे नुसते डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तीन मापे लागतात : पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि पाण्याचा वेग. तिघांचा गुणाकार केला की उत्तर मिळते. समजा, एका ओढ्याची रुंदी ३० फूट आहे, खोली २ फूट आहे आणि पाणी एका सेकंदात १ फूट पुढे जाते. ३० गुणिले २ गुणिले १ म्हणजे ६०. त्या ओढ्यातून सेकंदाला ६० घनफूट पाणी वाहते. यालाच बातम्यांत ६० क्युसेक म्हणतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, साधारण दोन घागरी धरा.

आता मोठा आकडा सांगतो. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर मोठा बंधारा आहे. सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात तिथे पहिला बंधारा बांधला. ऑगस्ट १९८६ मध्ये तिथून सेकंदाला सुमारे ३५ लाख घनफूट पाणी गेले. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा कोटी लिटर! एक लाख लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. अशा एक हजार टाक्या एका सेकंदात रिकाम्या झाल्या असे समजा. त्याच ठिकाणी उन्हाळ्यात पाणी काही हजार घनफुटांवर येते. नदी एकच, जागा एकच, पण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एवढा फरक.

याचे कारण सोपे आहे. आपल्या गंगेला हिमालयातल्या नद्यांसारखे बर्फाचे पाणी मिळत नाही. तिला पाऊसच पोसतो, आणि तिच्या खोऱ्यातल्या वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ८४ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून वर्षाचे बहुतेक पाणी या दिवसांत आणि त्यानंतर थोडे दिवस वाहून जाते.

गाळ कसा वाहतो?

गाळ सगळा सारखा नसतो. सर्वांत बारीक चिकणमाती. ती बोटाला पिठासारखी लागते. तिच्याहून जरा मोठा पोयटा. मग बारीक वाळू, भरड वाळू, खडे आणि शेवटी गोटे. जेवढा कण जड, तेवढे त्याला उचलायला पाण्याला जोर लागतो. संथ पाणी फक्त चिकणमाती नेते. वेग वाढला की वाळू उचलली जाते. पूर आला की गोटेसुद्धा तळातून गडगडत जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर पूर्वीच्या ६४ पट जड दगड हलू शकतो, असा ठोकताळा भूगोलात शिकवतात. म्हणूनच ज्या गोट्यांवर आपण उन्हाळ्यात धुणे आपटतो, ते पुरानंतर जागेवर सापडत नाहीत.

वर्षभरात वाहणाऱ्या गाळातला मोठा भाग मोजक्या पुराच्या दिवसांत जातो, ही महत्त्वाची गोष्ट आहे. बाकी सारे महिने नदी जवळजवळ निवळ असते. गावात वर्षभर शांतता आणि जत्रेच्या दोन दिवसांत सगळी उलाढाल, तसेच हे आहे.

बाटल्यांचा प्रयोग

आम्ही वर्गात एक सोपा प्रयोग केला. काचेच्या सारख्या मापाच्या चार बाटल्या घेतल्या. पहिल्या पुराचे पाणी जूनमध्ये, दुसरे ऑगस्टमध्ये, तिसरे ऑक्टोबरमध्ये आणि चौथे जानेवारीत भरले. पाणी घाटाच्या पायरीवरून मोठ्या माणसांनी भरून दिले. आम्हा मुलांना पुराच्या पाण्याजवळ जाऊ दिले नाही. बाटल्या खिडकीत ठेवल्या आणि चिठ्ठ्या चिकटवल्या.

बाटली ठेवताक्षणी तळाला वाळू बसली. पोयटा बसायला काही तास लागले. पण चिकणमाती दोन दिवस तरंगतच राहिली आणि पाणी चहासारखे दिसत होते. आमची आजी अशा पाण्यात तुरटी फिरवते. पूर्वी निवळीचे बी उगाळून घालत असत. त्याने बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात.

सगळे बसल्यावर आम्ही पट्टीने गाळाचा थर पाहिला. जूनच्या बाटलीत थर सर्वांत जाड होता. ऑगस्टच्या बाटलीत त्याहून पातळ. ऑक्टोबरमध्ये नुसती रेघ आणि जानेवारीत काहीच नाही म्हटले तरी चालेल. नवलाची गोष्ट ही की, जून आणि ऑगस्ट या दोन्ही वेळी पाणी घाटाच्या त्याच पायरीपर्यंत आले होते. मग पायरी तीच असताना गाळात फरक कसा?

पहिला पूर जास्त गढूळ का?

याचे उत्तर नदीत नाही, आपल्या शेतात आहे. उन्हाळ्यात आपण नांगरट करतो, वखर पाळी घालतो. रान उघडे पडते. काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि तिची ढेकळे ठिसूळ होतात. गवत वाळलेले असते, गुरांनी खाल्लेले असते. अशा मोकळ्या मातीवर मृगाचा जोरदार पाऊस पडला की प्रत्येक थेंब हातोड्यासारखा बसतो. माती सुटते, पाटाने ओघळीत, ओघळीतून ओढ्यात आणि ओढ्यातून गंगेत जाते. ओढ्यांत आणि पात्रात वर्षभर साचलेला सैल गाळही हा पहिला लोंढा झाडून नेतो.

ऑगस्टपर्यंत कपाशी, तूर, सोयाबीन वाढलेले असते. पानांवर थेंबाचा मार बसतो, मुळे माती धरून ठेवतात, बांधावर गवत आलेले असते. सैल माती आधीच निघून गेलेली असते. म्हणून तेवढाच पूर आला तरी गाळ कमी. याच कारणाने एकाच पुरातसुद्धा पाणी चढताना ते जास्त गढूळ असते आणि उतरताना पुष्कळदा कमी. आजी म्हणतेच, "चढतं पाणी चिखलाचं, उतरतं पाणी जरा बरं."

एकाच पात्रात ठिकठिकाणी फरक

नदीत मधोमध वेग जास्त असतो, काठाला कमी. वाळू तळाजवळून चालते, चिकणमाती वरपासून खालपर्यंत सगळीकडे असते. म्हणून गाळ मोजणारे लोक एकाच जागचे पाणी घेत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी आणि खोलीवर बाटली बुडवून पाणी घेतात, ते गाळतात, गाळ वाळवून त्याचे वजन करतात.

वळणावर तर गंमत असते. पाणी बाहेरच्या काठावर आदळते आणि काठाच्या पोटातली माती काढते. वरून काठ धड दिसतो, पण खाली पोकळ असतो. तो एकदम कोसळतो. आतल्या बाजूला वेग कमी, म्हणून तिथे वाळू पडते. त्या वाळूच्या मागे जिथे पाणी अगदी संथ होते, तिथे पोयटा बसतो. आमच्या मळईचे कोडे मला इथे उलगडले. पूर मळईवरून जोरात गेला तर वाळू पडते. पाणी वर चढून हळूहळू उतरले तर पोयटा बसतो. पाण्याच्या उंचीवर सारे ठरत नाही, वेगावर ठरते.

उगमापासून समुद्रापर्यंत

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे, पण ती तिकडे न जाता पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर आहे.

त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस खूप पडतो. तिथले पाणी नाशिकला वेगाने येते. नाशिकचे लोक गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावर पूर केवढा ते ठरते. पुढे नगर, पैठण, बीड, जालना हा भाग कमी पावसाचा. इथे नदी लांब होते, पण पाणी त्या मानाने वाढत नाही. आपल्या खोऱ्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा आणि काळ्या मातीचा. ही माती बारीक, म्हणून आपल्या पुराला गडद रंग असतो.

पुढे सिंदफणा, पूर्णा, मांजरा मिळतात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहिता येते. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांचे पाणी प्राणहितेतूनच येते. मग बस्तरच्या जंगलातून इंद्रावती आणि पुढे शबरी. तो भाग भरपूर पावसाचा आहे. म्हणून खरी मोठी गोदावरी आपल्या पुढे होते. भद्राचलमला तिचे पाणी ऑगस्ट १९८६ मध्ये ७५.६ फुटांवर आणि जुलै २०२२ मध्ये ७१ फुटांच्या वर गेले होते. इकडे आपल्या गावात त्या दिवशी पाऊस नसला तरी तिकडे पूर असू शकतो, आणि आपल्याकडे पूर असताना तिकडे साधे पाणी असू शकते.

धरण पाणी सोडते, गाळ ठेवते

आपल्या वरच्या अंगाला पैठणला जायकवाडी धरण आहे. काम १९६५ साली सुरू झाले आणि १९७६ साली धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. वाहते पाणी नाथसागरात आले की त्याचा वेग जातो. वेग गेला की गाळ बसतो. आमच्या बाटलीत झाले तेच इथे होते, फक्त बाटली फार मोठी. भरड वाळू जलाशयाच्या शेपटाकडे पडते, पोयटा पुढे आणि चिकणमाती भिंतीपर्यंत जाते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की तिकडचे शेतकरी त्या ओल्या गाळावर पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात.

गाळ बसला की धरणात पाण्याला जागा कमी होते. धरण बांधतानाच तळाशी काही जागा मृतसाठा म्हणून धरलेली असते. जायकवाडीत ती सुमारे २६ अब्ज घनफूट आहे. पण सगळा गाळ शहाण्यासारखा त्याच जागेत जाऊन बसत नाही. काही वरच्या, उपयोगी जागेतही बसतो.

आणि धरणाच्या खाली काय होते? तिथे पाणी येते ते बरेच निवळ होऊन. निवळ पाण्यात जोर शिल्लक असतो. ते उपाशी माणसासारखे असते. त्याला गाळ मिळाला नाही की ते तळाची वाळू आणि काठाची माती खाते. त्यात माणसांनी वाळूचा बेसुमार उपसा केला तर नवी वाळू भरून येत नाही, पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते.

याचा परिणाम पार समुद्रापर्यंत पोचतो. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशा शाखांनी समुद्राला मिळते. तिथली सपाट सुपीक जमीन नदीनेच हजारो वर्षे गाळ टाकून तयार केली आहे. तिला त्रिभुज प्रदेश म्हणतात. १९७१ ते १९७९ या काळात गोदावरीतून वर्षाला सरासरी सुमारे १४.५ कोटी टन गाळ तिकडे जात होता. १९९० ते १९९८ या काळात तो सुमारे ५.७ कोटी टनांवर आला. मोठे कारण म्हणजे खोऱ्यात बांधलेली धरणे. समुद्राच्या लाटा मात्र पूर्वीइतक्याच किनारा कुरतडत राहतात. नवी माती कमी आली की किनारा मागे सरकतो. धरणामुळे आपल्याला पाणी आणि पीक मिळते, हे खरे. पण अडवलेल्या गाळाची किंमत दूरच्या कोळ्यांच्या गावांना द्यावी लागते, हेही खरे.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट मुलांसाठी. पूर उतरल्यावर गेल्या वर्षीचा उतार यंदाही उतारच असेल असे धरू नका. पाण्याने तिथली वाळू नेलेली असते आणि गुडघाभर पाण्याच्या जागी डोह झालेला असतो. वरून पाणी संथ दिसते, तळ दिसत नाही. मोठ्या माणसांनी काठीने तळ पाहिल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका. वळणाच्या बाहेरच्या काठावर उभे राहू नका. पाऊस नसला तरी धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा मोबाईलवर निरोप आला की गुरे आणि माणसे वर आणा.

दुसरी गोष्ट पालकांसाठी, आणि मी लहान असून सांगतो म्हणून राग मानू नका. गंगेच्या पहिल्या पुराचा काळा रंग हा आपल्याच रानाचा रंग आहे. गुरुजी म्हणाले, बोटभर माती तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात. ती एका मृगाच्या पावसात जाते. म्हणून फुटलेले बांध पाऊस पडल्यावर नव्हे, मृगाच्या आधी नीट करा. नांगरट उताराला आडवी करा. बांधावर गवत राहू द्या आणि ओढ्याच्या कडेची झाडे तोडू नका. तलावात साचलेला गाळ उन्हाळ्यात शेतात टाकता येतो. त्यासाठी २०१७ साली शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तो गाळ म्हणजे आपल्याच शिवारातली परत आलेली माती.

आमच्या वडिलांनी यंदा वरच्या रानाचे दोन्ही बांध मे महिन्यातच भरून घेतले. मळईवर काय पडेल ते गंगेच्या हातात आहे, पण वरच्या रानातून काय जाईल ते बरेचसे आपल्या हातात आहे, असे ते म्हणतात.

जूनची आणि ऑगस्टची बाटली भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर ठेवली आहे. पालकांनी ती हलवून पाहावी आणि वाळू आधी बसते की माती, ते स्वतः पाहावे. पाहून झाल्यावर बूच घट्ट लावावे, ही विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी